फोटोंची व्यवस्था लावताना

घरच्या कॉम्प्युटरसाठी फोटोंचं सॉफ्टवेअर निवडताना लोक आधी फिल्टर मोजतात. पाहायचं ते वेगळंच: 'आजी, नाशिक, साखरपुडा' ही नोंद ते कुठे ठेवतं? स्वतःच्या वहीत, की फोटोच्याच फाइलमध्ये? गूगलने २०१६ मध्ये पिकासा हे आपलं फोटोंचं सॉफ्टवेअर बंद केलं. त्यात केलेले बदल फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलीत राहत. फोटो दुसरीकडे उघडला की ते दिसेनासे होत.

माझी पसंती डिजिकॅमला. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, चेहरेही आपल्याच मशीनवर ओळखतं. मांडणी जरा अघळपघळ, पण सेटिंगमध्ये 'मेटाडेटा' उघडून नोंदी फाइलमध्येच लिहायला सांगता येतं. हे पहिल्याच दिवशी करा.

कातरणं, उजळवणं त्यातच होतं. जुना फाटका फोटो सांधायला मात्र गिंप घ्या, तेही फुकटच. लाइटरूम उत्तम, पण रॉ (कॅमेऱ्यातले प्रक्रिया न केलेले) फोटो काढत नसाल तर वर्गणी भरत राहणं मला उधळपट्टी वाटते.

आणि व्हॉट्सअ‍ॅप! तिथून नेहमीसारखा पाठवलेला फोटो येतानाच काढल्याची तारीख गमावतो. फाइलच्या नावातली तारीख काढल्याची असेलच असं नाही. लग्नाचे फोटो भाच्यांकडून 'डॉक्युमेंट' म्हणूनच मागवा.