पोतंभर पाल्याची माती

फेब्रुवारी लागला की पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये पानगळ सुरू होते. बदाम, आंबा, पिंपळ, पर्जन्यवृक्ष सगळेच पाला झाडतात. सकाळी अंगण झाडून ढीग लागतो आणि दुपारी कुठेतरी त्याचा धूर निघतो. घनकचरा नियमांनुसार असा कचरा उघड्यावर जाळता येत नाही, तरी जाळला जातो. त्याच सोसायटीतलं कुणीतरी संध्याकाळी नर्सरीतून लाल मातीची पिशवी विकत आणतं. खरी माती खाली जळत असते आणि आपण वर विकतची चढवतो, हे मला दरवर्षी बोचतं.

घरच्या घरी विषमुक्त भाजी पिकवायची हौस आता पुष्कळांना आहे. सुरुवात मात्र बहुतेक जण रोपांपासून करतात. मीही तशीच केली होती. गच्चीवर बारा कुंड्या, लाल माती, टोमॅटोची रोपं. पहिल्याच पावसात माती दगडासारखी बसली, वर पाणी साचलं, खाली मुळं कुजली. बारापैकी दोन रोपं तगली. दोष रोपांचा नव्हता. नुसत्या लाल मातीत हवा खेळत नाही आणि मुळाला पाण्याइतकीच हवाही लागते.

हवा खेळेल अशी माती पाल्यापासूनच करता येते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना झाडाचा पाला, काडीकचरा आणि सूर्यप्रकाश यांच्या हिशेबाने शेतीकडे बघायला शिकवलं. शहरातल्या गच्चीवरच्या बागांनीही हाच विचार उचलला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवून दाखवल्या.

करायचं काय, तर मंडईत भाजीसाठी वापरतात तसला जाळीदार क्रेट घ्यायचा. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वीतभर सुका पाला हाताने चुरडून. मग स्वयंपाकघरातली सालं, देठं, चहाचा चोथा यांचा पातळ थर आणि त्यावर पुन्हा पाला. ओला कचरा एक भाग असेल तर पाला दोन-तीन भाग हवा. पाल्यात कर्ब असतो, ओल्या कचऱ्यात नत्र. हे दोन्ही कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र हे प्रमाण मानवतं. ओलं जास्त झालं की हवा कोंडते आणि घाण वास सुटतो. वास आला की औषध शोधू नका, दोन ओंजळी पाला टाका आणि खालीवर करा. शिजलेलं, तेलकट, खारट अन्न यात घालायचं नाही.

विरजण म्हणून मूठभर जुनं कंपोस्ट पुरतं. शेण-गोमूत्र मिळत असेल तर जीवामृत हे आंबवलेलं द्रावण करावं. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी ते एकरासाठी 200 लिटरचं सांगितलं आहे. बादलीच्या मापात आणायचं तर 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून काठीने ढवळायचं आणि दहापट पाण्यातून द्यायचं.

तीन-चार महिन्यांनी क्रेटमध्ये हात घालून बघा. वरची पानं अजून ओळखू येतात, पण बोटं खाली गेली की सगळं काळं, भुसभुशीत आणि गार लागतं. एखाद्या पानाची नुसती शिरांची जाळी उरलेली असते. मुठीत दाबलं तर गोळा होतो, बोटाने टोचलं की फुटतो. वास पहिल्या पावसाचा. ही माती हलकीही असते. साधी माती भिजली की घनफुटाला 45 ते 50 किलो भरते, तेव्हा गच्चीचा स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग यांचा विचार करणाऱ्याने पाल्याच्याच मातीकडे वळावं.

लावणीचं फार अवघड नाही. पालेभाजीला सहा इंच खोली आणि तीन-चार तास ऊन पुरतं. टोमॅटो, वांगं, मिरचीला फूटभर खोली आणि पाच-सहा तास ऊन हवं. पहिल्यांदा मेथी लावा, महिन्याभरात जुडी हातात येते आणि हुरूप टिकतो. धने रगडून, दोन फाकी करून पेरा. बियाणं शक्यतो गावरान घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवड्यासारखे देशी वाण घराघरांतून गोळा करून बीज बँक उभी केली. त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. संकरित भाजीचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवेल याचा भरवसा नसतो. गावरान वाणाचं एक चांगलं फळ वेलावरच वाळू दिलं की पुढच्या हंगामाची सोय झाली.

आता किडीचं. चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा दाटला की जीव खालीवर होतो आणि हात फवारणीच्या बाटलीकडे जातो. जरा थांबा. त्याच शेंड्यावर काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, इवल्या मगरीसारखी एक अळी फिरताना दिसेल. तिला मारू नका. ती ढालकिड्याची अळी, आणि मावा हेच तिचं जेवण. फार वाढलाच मावा तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडून काढा. पुढची पायरी निंबोळी अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळून त्यात चिमूटभर साबण घालायचा आणि उन्हं कलल्यावर फवारायचं.

दोडक्याला फुलं खूप पण फळ धरत नाही, अशी तक्रार नेहमी कानावर येते. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे सकाळी परागीकरण करायला गेलेल्याच्या हाती काही लागत नाही. दिवेलागणीला गच्चीवर जा. ज्या फुलामागे बोटभर इवला दोडका आहे ते मादी फूल. नर फूल खुडून त्याच्यावर हलकेच टेकवा. काम झालं असेल तर दोन-चार दिवसांत तो दोडका फुगायला लागतो. नसेल तर पिवळा पडून गळतो.

पूर्वी परसात न्हाणीचं पाणी अळू आणि केळीला जाई, राख आणि खरकटं उकिरड्यात जाई आणि उकिरडा पुन्हा परसात. घरातलं काही घराबाहेर जात नसे. फ्लॅटमध्ये परस उरलं नाही, पण एक क्रेट बाल्कनीत मावतो.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. सोसायटीत झाडणाऱ्या मावशींना सांगा की पाला पेटवू नका, दोन पोती आमच्यासाठी भरून ठेवा. पुण्यात ‘ब्राउन लीफ’सारखा गट पाला ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून ज्यांना हवा आहे त्यांच्याकडे पोचवायला मदत करतो. फेब्रुवारीत भरलेला क्रेट जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तयार होतो, आणि भेंडी, गवार, दोडका पेरायची वेळही तीच.