हळू बोलणारा राउटर

डोंबिवलीत इंटरनेटच्या तक्रारी रात्री नऊनंतर सुरू होतात. जेवणं उरकलेली असतात, घरोघरी टीव्ही लागलेले असतात, परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल येतो आणि त्याचा चेहरा मधेच गोठतो. प्लॅन २०० एमबीपीएसचा, फायबर थेट दारात, बिलही वेळेवर भरलेलं. तक्रार केली की 'राउटर बंद करून चालू करा' एवढंच उत्तर मिळतं. आमच्या सोसायटीत अशी बरीच घरं मी हौसेने पाहिली आहेत. बिघाड बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि त्यावर लोक करतात तो उपाय नेमका उलटा असतो. रेंज वाढवायची म्हणून जास्त ॲंटेनांचा, जास्त ताकदीचा राउटर आणतात. दाटीच्या वस्तीत वाय-फाय सुधारतं ते आवाज कमी केल्याने, हे माझं ठाम मत आहे.

पहिलं काम म्हणजे दोष कुठे आहे ते ठरवणं. लॅपटॉप घेऊन त्रास होतो त्या खोलीत बसायचं आणि घरातल्याच राउटरला पिंग करायचं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते बघायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पडद्यावर आकडे येत होते ३, ४, ३, १८०, ४, ३१०. मग एका प्रश्नाला उत्तरच नाही. राउटर जेमतेम पंधरा फुटांवर. हा सवालजवाब घराबाहेर जातच नाही, त्यामुळे इथे आकडे उडाले तर कंपनीच्या लाइनला दोष देता येत नाही. मग तोच लॅपटॉप वायरने राउटरला जोडला. सगळे आकडे एकवर आले.

"काकू, लाइन एकदम ओके आहे. अडचण हवेत आहे."

"अरे, पण दोनशेचा प्लॅन घेतलाय ना आम्ही!"

घेतलाय खरा, पण तो प्लॅन राउटरपर्यंतचा. तिथून पुढची हवा सगळ्या इमारतीची.

ही हवा डोळ्यांनी बघता येते. फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप उघडलं की आजूबाजूचा प्रत्येक राउटर एकेका कमानीसारखा दिसतो. काकूंच्या हॉलमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमानींवर कमानी चढल्या होत्या. समोरची विंग, वरचा मजला, खालचा दवाखाना, रस्त्यापलीकडची क्लासेसची इमारत, सगळे तिथेच. हा पट्टा आहे अवघा ८३.५ मेगाहर्ट्झचा. भारतात २००५ साली तो परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. त्यात तेरा चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाची रुंदी वीसची. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे म्हणून सहसा तीनच चॅनेल धरले जातात: १, ६ आणि ११.

वाय-फायचा नियम असा की आधी ऐकायचं, कोणी बोलत नसेल तरच बोलायचं. याची मुळं हवाई विद्यापीठातल्या १९७१ च्या अलोहानेट या रेडिओ नेटवर्कमध्ये आहेत. नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं एकाच रेडिओ चॅनेलवर आणली. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही अनियमित काळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असं ठरवलं. बोलण्याआधी ऐकण्याची शिस्त पुढे आली. आजचा राउटर याबाबतीत फार सभ्य आहे. आपल्याच चॅनेलवर दुसऱ्या वाय-फायचा उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) इतका क्षीण आवाज कानावर आला तरी तो थांबतो. इतक्या क्षीण सिग्नलवर आपला व्हिडिओ धड चालणार नाही, पण आपल्या राउटरला गप्प करायला तो पुरतो. तिसऱ्या मजल्यावरचा ताकदवान राउटर तळमजल्यावरच्या घराला कसा छळतो, ते इथे कळतं.

चॅनेल ३ किंवा ४ घेऊन मधेच घुसणं तर त्याहून वाईट. शेजारचं अर्धवट चढलेलं बोलणं राउटरला 'बोलणं' म्हणून ओळखता येत नाही, नुसता गोंगाट वाटतो. गोंगाट बराच मोठा होईपर्यंत, साधारण उणे ६२ डीबीएमपर्यंत, तो थांबत नाही. त्यावरूनच बोलतो आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. गर्दीच्या चॅनेलवर सगळ्यांबरोबर पाळी लावणं परवडतं, दोन चॅनेलांच्या मधे उभं राहणं परवडत नाही.

त्यात प्रत्येक राउटर 'मी इथे आहे' ही हाळी सेकंदाला सुमारे दहा वेळा देतो, कोणी वापरत असो वा नसो. जुनी, मंद उपकरणं आणखी वेळ खातात. तिकीट खिडकीवर एकाने सुटी नाणी मोजायला घेतली की मागची सगळी रांग खोळंबते, तसं एका जुन्या फोनपायी घरातली नवी उपकरणंही ताटकळतात.

काकूंकडे राउटर चपलांच्या कपाटावर, लोखंडी शोकेसच्या मागे होता, कारण फायबर तिथवरच आलेली. तिथे फोनवर उणे ४२ डीबीएम दिसत होतं, बेडरूममध्ये उणे ७२. तीस डीबीची घट म्हणजे ताकदीचा हजारावा भाग उरला. राउटर हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, काचेपासून आणि लोखंडापासून लांब नेला. मग सेटिंगमध्ये शिरलो. २.४ ची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली, चॅनेल 'ऑटो' होता तो ११ केला. अनेक राउटर 'ऑटो'त सुरू होतानाच काय ते चॅनेल निवडतात. वीज जाऊन आली की अख्खी इमारत एकदम जागी होते आणि बरेच राउटर एकाच ठिकाणी जाऊन बसतात.

फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर हलवले. भारतात २०१८ साली या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर दमतो ही त्याची उणीव सांगतात. दाटीत तोच त्याचा गुण, कारण शेजाऱ्याचाही आपल्यापर्यंत फारसा पोचत नाही. तिथेही रुंदी ८० ऐवजी ४० ठेवली. ताकद 'हाय'वरून 'मीडियम' केली. काकूंना हे पटेना. पण राउटर कितीही ओरडला तरी फोनची ताकद तेवढीच राहते. फोनचं म्हणणं राउटरला ऐकू आलं नाही, तर पूर्ण रेंज दिसत असूनही कॉल अडकतो.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो वायरीने. टीव्ही जागचा हलत नाही, मग त्याने हवा का अडवावी? केबलवाल्याकडचा मुलगा कॅट-६ ची वायर घेऊन आला. त्याने टोकाचं आवरण इंच-दीड इंच सोललं, पीळ सोडवले आणि आठ तारा अंगठ्याने सपाट दाबत ओळीने लावल्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन बाजूंना विभागते, नवखे तिथेच चुकतात. मग टोकं एका रेषेत कापली, कनेक्टरमध्ये सारली, आठही तारा पार पुढे टेकल्यात हे उजेडाकडे धरून पाहिलं आणि क्रिंपिंग पक्कड दाबली. बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. आठांतली एक जरी सुटली तरी १००० चा वेग १०० वर येऊ शकतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

नऊनंतर पुन्हा पिंग केलं. आकडे ३ ते १२ च्या मधे, एकही उत्तर हरवलं नाही. प्लॅन तोच होता, राउटरही तोच.

मात्र एका घराने केलेलं पुरत नाही. शेजाऱ्याने रिपीटर लावला की तेच बोलणं हवेत दोनदा होतं आणि सगळ्यांचा वेळ जातो. म्हणून हा विषय सोसायटीच्या बैठकीत यावा असं मला मनापासून वाटतं. मजल्यांना पाळीपाळीने १, ६, ११ वाटून द्यावेत, सगळ्यांनी २.४ ची रुंदी २० ठेवावी, टीव्ही वायरीवर न्यावेत. खर्च थोड्या वायरीचा. आणि जिथे पुनर्विकासाच्या वाटाघाटी चालू आहेत तिथे सभासदांनी बिल्डरकडे ग्रॅनाइटच्या ओट्याबरोबर आणखी एक गोष्ट लेखी मागावी: दारापासून प्रत्येक खोलीत नेटवर्कच्या वायरीसाठी भिंतीतून रिकामा पाइप. प्लास्टरच्या आधी हे काम किरकोळ असतं. नंतर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही आणि पुढची कित्येक वर्षं सगळा भार हवेवर पडतो.