परिचित व अपरिचित चेहरा : ओळखीच्या दोन रीती

वावर हे जव्हार तालुक्यातील, पाड्यांत विखुरलेले गाव. १९९२ साली वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि गावाचे नाव पोषण-आहाराच्या प्रश्नाशी कायमचे जोडले गेले. अंगणवाडीतून घरपोच आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ‘पोषण ट्रॅकर’वर पडताळणी करणे १ जुलै २०२५ पासून देशभर अनिवार्य झाले. त्यामुळे मानसशास्त्रातील एक जुना प्रश्न अंगणवाडीच्या दारी येऊन ठेपला आहे : चेहरा ओळखणे आणि दोन चेहरे ताडून पाहणे या एकच क्रिया होत काय?

प्रयोगांवरून तसे दिसत नाही. जेन्किन्स व सहकाऱ्यांनी २०११ साली दोन डच स्त्रियांची प्रत्येकी वीस छायाचित्रे मिसळून, व्यक्तिवार गट पाडावयास सांगितले. ज्यांना त्या अपरिचित होत्या अशा ब्रिटिश प्रेक्षकांनी सरासरी सात-आठ गट पाडले. त्यांना ओळखणाऱ्या डच प्रेक्षकांनी बहुधा दोनच. अपरिचिताच्या बाबतीत आपण केस, चेहऱ्याची कड, प्रकाशछाया यांवर, म्हणजे वस्तुतः चित्रावरच, विसंबतो. परिचिताच्या बाबतीत डोळे-नाक-तोंड हा आतील भाग अधिक उपयोगी पडतो. एकच चेहरा किती रीतींनी बदलू शकतो याचे ज्ञान म्हणजे परिचय होय.

मेंदूच्या खालच्या पृष्ठभागावरील, विशेषतः उजव्या बाजूच्या, एका भागाची चेहऱ्यांना मिळणारी प्रतिक्रिया कॅनविशर व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविली. परंतु परिचयात भावनेचाही वाटा असतो. बोडामरने १९४७ साली वर्णिलेल्या ‘चेहरा-अनोळख’ विकारातील काही रुग्णांना आप्त ओळखता येत नाहीत, तरी त्यांना पाहताच त्वचेची विद्युत्-प्रतिक्रिया मात्र बदलते, असे ट्रॅनेल व डमासिओ यांस १९८५ साली आढळले. कॅप्ग्रा विकारात याच्या उलट घडते : चेहरा पटतो, पण जिव्हाळा उमटत नाही, आणि रुग्ण आप्तासच तोतया ठरवितो.

आता पाड्यावरची सेविका घ्या. बाळंतपणाने ओढलेला, पदराने झाकलेला चेहराही तिला क्षणात पटतो. यंत्र जुने छायाचित्र ताडते. अपरिचित चेहरे ताडण्यात उत्तम यंत्र मनुष्यास मागे टाकते हे खरे. २०१४ च्या एका पाहणीत ऑस्ट्रेलियाच्या पारपत्र-अधिकाऱ्यांनीही १४ टक्के तोतये मान्य केले होते. मात्र सेविका अपरिचित नव्हे. यंत्राने नाकारलेल्या, पण सेविकेने ओळखलेल्या मातांची पाड्यानुसार नोंद ठेवणे, हे आपल्या विद्यार्थ्यांस सहज शक्य असलेले संशोधनकार्य आहे.