अपंग वाहनचालक आणि कॅरॅव्हान ओढणाऱ्या मोटारीची निवड : ब्रिटनच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

'कॅरॅव्हान' हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या मनात वाळवंटातील उंटांचा तांडा उभा राहतो, किंवा अलीकडच्या पर्यटन-जाहिरातींतील, बिछाना आणि स्वयंपाकघर यांसह स्वतःच धावणारी मोठी गाडी. ब्रिटनमध्ये या शब्दाचा रूढ अर्थ निराळा आहे. इंजिन नसलेले, नेहमीच्या मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाचे चाकांवरचे घर म्हणजे तेथील कॅरॅव्हान होय. निवृत्त नौदल शल्यवैद्य विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये घोड्यांनी ओढावयाची 'वाँडरर' ही गाडी हौसेने बांधवून घेतली आणि तीतून देशभ्रमण केले. पुढे १९०७ मध्ये कॅरॅव्हान क्लबची स्थापना झाली. आज ही संस्था कॅरॅव्हान अँड मोटरहोम क्लब या नावाने ओळखली जाते. घोड्यांची जागा मोटारीने घेतली आणि सुटीत कॅरॅव्हान घेऊन समुद्रकाठी जाणे हा मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांच्या जीवनाचा परिचित भाग बनला.

अपंग व्यक्तींना या प्रकारच्या प्रवासाचे आकर्षण वाटावे, यामागे केवळ हौस नाही. हॉटेलच्या खोलीचा दरवाजा चाकांच्या खुर्चीला पुरेल किंवा नाही, पलंगाची उंची किती असेल, स्वच्छतागृहात आधाराचा दांडा कोणत्या बाजूस असेल, याची खात्री तेथे पोहोचेपर्यंत होत नाही. कॅरॅव्हानमध्ये बिछाना आपला असतो, शौचालय आपले असते, आधाराचे दांडे हाताच्या सवयीचे असतात. घर बरोबर नेता आले तरच घराबाहेर पडता येते, अशी ही स्थिती आहे. मात्र हे घर ओढण्यासाठी जी मोटार लागते, तिच्या निवडीत दोन भिन्न गरजांचा मेळ घालावा लागतो. आणि त्या दोहोंची माहिती देणारे स्रोत परस्परांशी बोलत नाहीत. कॅरॅव्हानविषयक मार्गदर्शक ओढण्याच्या क्षमतेचे आकडे देतात. अपंगांसाठी मोटारीत फेरफार करणारे तंत्रज्ञ उपकरणांचे आकडे देतात. या दोहोंची बेरीज करण्याचे काम बहुधा चालकाच्याच माथी येते. या बेरजेचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :

ब्रिटिश शासन एके काळी अपंग चालकांना फिकट निळ्या रंगाची तीन चाकी 'इन्व्हाकार' देत असे. तिच्यात एकच आसन होते. चालक अपंग असेल तर त्याच्या पत्नीने व मुलांनी बसने जावे, असाच जणू त्या रचनेचा अर्थ होता. मागे कॅरॅव्हान जोडण्याचा तर प्रश्नच नव्हता. या एकाकी वाहनाविरुद्ध अपंगांनी दीर्घकाळ तक्रार केली. १९७७ मध्ये लॉर्ड गुडमन आणि जेफ्री स्टर्लिंग यांच्या पुढाकाराने 'मोटॅबिलिटी' ही योजना स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तिच्याद्वारे पहिली मोटार दिली गेली. शासनाकडून मिळणारा गतिशीलता भत्ता या योजनेकडे वळता करून त्या बदल्यात विमा, देखभाल यांसह नवी मोटार भाड्याने घेता येते. २००३ च्या मार्चअखेर उरल्यासुरल्या इन्व्हाकार रस्त्यावरून काढून घेण्यात आल्या. योजनेतील भाडेकरार सामान्यतः तीन वर्षांचा असतो. म्हणजेच चुकीची निवड झाल्यास ती चूकही तीन वर्षे दारात उभी राहते.

कायद्याच्या बाजूने अलीकडे एक मोठा बदल झाला. १ जानेवारी १९९७ नंतर चालक-परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना जड ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ही अट रद्द झाली आणि साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. पण परवान्यावरील सांकेतिक क्रमांक कायम राहतात. ज्याच्या परवान्यावर ७८ हा क्रमांक आहे, त्याने स्वयंचलित गिअरची मोटारच चालवावयाची. सुकाणू, ब्रेक किंवा वेगवर्धक यांतील फेरफारांसाठीही निरनिराळे क्रमांक आहेत. परीक्षेची अट गेली, म्हणून कौशल्याची गरज गेली असे नव्हे.

वजनाचा हिशेब :

कॅरॅव्हानधारकांमध्ये '८५ टक्क्यांचा नियम' सर्वपरिचित आहे. सामानासह कॅरॅव्हानचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक असू नये, असे नवशिक्यांना सांगितले जाते. हा कायदा नव्हे, संकेत आहे. जड मोटार हलक्या कॅरॅव्हानला ताब्यात ठेवते, हे त्यामागील साधे तत्त्व. याखेरीज उत्पादकाने ठरवून दिलेली ओढण्याची कमाल मर्यादा असते. ती ठरविताना भारित मोटार १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघू शकते किंवा नाही, याची कसोटी घेतात. ही मर्यादा ८५ टक्क्यांच्या हिशेबाहून कमी असेल तर तीच बंधनकारक ठरते.

नियतकालिकांतील बहुतेक तुलनात्मक परीक्षणे येथेच थांबतात. अपंग चालकाची खरी अडचण येथून पुढे सुरू होते. मोटारीवर किती भार टाकता येतो यालाही मर्यादा आहे, आणि कॅरॅव्हानचे नाक मोटारीच्या मागील गोलकावर जो दाब देते तो मोटारीचाच भार समजला जातो. हा दाब सामानासह कॅरॅव्हानच्या वजनाच्या सुमारे ५ ते ७ टक्के असावा, अशी शिफारस आहे. तो फार कमी असला तर कॅरॅव्हान मागे डोलू लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोटारीचे चालकासह वजन १,६०० किलो असून कमाल अनुज्ञेय वजन २,१०० किलो आहे. म्हणजे ५०० किलोंची मुभा आहे. कॅरॅव्हान १,३०० किलोंची, अर्थात सुमारे ८१ टक्के. संकेतात चपखल बसणारी. आता भार मोजावा. शेजारच्या आसनावरील जोडीदार ७० किलो, मागील आसनावरील दोन मुले मिळून ७० किलो, विजेवर चालणारी चाकांची खुर्ची ११० किलो, ती उचलून डिकीत ठेवणारे यंत्र ३० किलो, हाताने चालवावयाची नियंत्रणे ५ किलो, टो-बार २५ किलो, डिकीतील इतर सामान ६० किलो आणि कॅरॅव्हानच्या नाकाचा दाब ८५ किलो. एकूण ४५५ किलो. मर्यादेत अद्याप ४५ किलो शिल्लक आहेत, तेव्हा काळजीचे कारण नाही असे वाटते.

पण भार किती यापेक्षा तो कोठे पडतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. या मोटारीच्या दोन ॲक्सलमधील अंतर २.७ मीटर असून गोलक मागील ॲक्सलच्या १.१ मीटर मागे आहे, असे धरू. तरफेच्या नियमानुसार नाकावरील ८५ किलोंचा दाब मागील ॲक्सलवर सुमारे १२० किलो होऊन उतरतो आणि पुढील ॲक्सल सुमारे ३५ किलोंनी हलका करतो. डिकीतील खुर्ची व उचलयंत्र मिळून १४० किलो मागील ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे असतील तर तेथे सुमारे १६६ किलो पडतात. डिकीतील सामान आणि टो-बार यांची गोष्ट तीच. सर्व हिशेब केल्यास मागील ॲक्सलवर वाढणारा भार सुमारे ४८० किलो येतो. टाकलेल्या एकूण भारापेक्षाही अधिक! रिकाम्या मोटारीत त्या ॲक्सलवर ७०० किलो असतील आणि मर्यादा १,१५० किलो असेल, तर ती सुमारे ३० किलोंनी ओलांडली गेली. ८५ टक्क्यांचा संकेत पाळला, एकूण वजनही मर्यादेत राहिले, तरीही मोटार नियमबाह्य आणि धोकादायक ठरली. पुढची चाके हलकी झाल्यामुळे सुकाणूची पकड सैलावते. आणि मोटार पुढच्या चाकांनी चालणारी असेल तर कॅरॅव्हान-तळावरच्या ओल्या गवतात ती जागच्या जागी चाके फिरवीत राहते.

धडधाकट कुटुंब अशा वेळी डिकीतील जड वस्तू कॅरॅव्हानमध्ये ठेवते. चाकांची खुर्ची तेथे ठेवता येत नाही. वाटेत पेट्रोल-पंपावर उतरावयाचे तरी ती हाताशी हवी. म्हणून खुर्ची शक्य तितकी पुढे, पुढील आसनाच्या मागे ठेवता येईल अशी रुंद मागील दारांची मोटार अधिक सोयीची ठरते. ज्या मोटारीचा गोलक मागील ॲक्सलच्या जवळ आहे, तीही तितकीच सोयीची. कॅटलॉगमध्ये अश्वशक्ती ठळक छापलेली असते. हे अंतर मात्र स्वतःच टेप घेऊन मोजावे लागते.

आसन, हात आणि गिअर :

ओढण्यासाठी उंच, जड, चारही चाकांना गती देणारी मोटार उत्तम, असा सर्वसाधारण समज आहे व तो चुकीचा नाही. परंतु चाकांच्या खुर्चीवरून सरकत मोटारीच्या आसनावर जाणाऱ्यास दोन्ही आसनांची उंची जवळपास सारखी हवी. उंच मोटारीत चढताना खांद्यांवर जो ताण पडतो तो एका सुटीपुरता नसतो. वर्षाचे उरलेले दिवसही तीच मोटार वापरावयाची असते. याउलट गुडघा किंवा कंबर न वाकणाऱ्या व्यक्तीला ठेंगण्या मोटारीत उतरणे कठीण जाते व उंच आसन वरदान वाटते. सबब 'अपंगांसाठी योग्य मोटार' अशी एकच यादी करणे हा मुळातच फसवा उद्योग आहे.

पायांनी चालविता न येणाऱ्यांसाठी हाताचा दांडा असतो : पुढे ढकलल्यास ब्रेक, आपल्याकडे ओढल्यास वेग. एक हात दांड्यावर, दुसरा सुकाणूवरील मुठीवर. आडवा वारा सुटला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की कॅरॅव्हान कधी कधी सापासारखी डावी-उजवी हलू लागते. अशा वेळी सुकाणू स्थिर धरावे, वेग हळूहळू कमी होऊ द्यावा, जोराने ब्रेक दाबू नये, असा सल्ला दिला जातो. दोन्ही हात सुकाणूवर असलेल्यास हे तुलनेने सोपे. एका हाताने सुकाणू धरणाऱ्याच्या धडाचा तोल दुबळा असेल, तर धक्क्याने शरीर पुढे झुकून दांडाच ढकलला जाण्याची शक्यता असते. अशा चालकाने ८५ टक्क्यांच्याही बरेच खाली राहणे शहाणपणाचे ठरेल. कॅरॅव्हान ओढताना वेगमर्यादा द्रुतगती मार्गावर ताशी ६० मैल आणि एकेरी मार्गावर ५० मैल आहे. तिच्याही आत राहण्यात कमीपणा नाही.

स्वयंचलित गिअर म्हटला की तो सर्व सारखाच, असेही नाही. तळावर कॅरॅव्हान इंच इंच मागे सरकविताना द्रव-जोडणीचा पारंपरिक स्वयंचलित गिअर शांतपणे काम करतो. कोरड्या क्लचचा दुहेरी प्रकार अशा मंद, ताणाच्या हालचालीत तापू शकतो. मान न वळणाऱ्या चालकासाठी मागील कॅमेरा ही चैन नव्हे. कॅरॅव्हान मोटारीहून रुंद असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या आरशांना जोड-आरसे लावावे लागतात. ते बसविण्यास बोटांत किती बळ लागते, हेही दुकानातच पाहून घ्यावे.

टो-बारच्या बाबतीत तर चालकाच्या शरीराचा विचार क्वचितच होतो. काढता येण्याजोगा टो-बार लावण्यासाठी जमिनीवर गुडघे टेकून बंपरखाली हात घालावा लागतो. बटण दाबताच बाहेर येणारा टो-बार महाग असतो, पण एकट्याने प्रवास करावयाचा की दर वेळी शेजाऱ्याला हाक मारावयाची, हे तोच ठरवितो. कॅरॅव्हानच्या चाकांना लावलेल्या विद्युत रोलरमुळे दूरनियंत्रकाच्या साहाय्याने ती जागेवर नेता येते. मात्र त्याचे तीसएक किलो वजन कॅरॅव्हानच्या भारमर्यादेतून वजा करावे लागते. खुर्चीसह बसता यावे म्हणून मागील बाजूने तळ खाली केलेल्या मोटारींना बहुधा टो-बार लावताच येत नाही, कारण उताराची फळी आणि टो-बार यांना एकच जागा लागते.

विजेच्या मोटारींचा नवा पेच :

केवळ पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री २०३० पासून थांबविण्याचे ब्रिटिश शासनाचे धोरण आहे. विजेची मोटार बॅटरीमुळे जड असते, त्यामुळे ८५ टक्क्यांचे गणित कागदावर आकर्षक दिसते. प्रत्यक्षात अनेक विजेच्या मोटारींची ओढण्याची अधिकृत मर्यादा कमी आहे, काहींना ती परवानगीच नाही, आणि जड बॅटरीने भारमुभेचा मोठा वाटा आधीच खाल्लेला असतो. कॅरॅव्हान जोडल्यावर एका चार्जमधील पल्ला साधारण निम्म्यावर येतो. चार्जिंगची जागा एका मोटारीपुरती आखलेली असल्यामुळे कॅरॅव्हान अनेकदा सोडून बाजूला ठेवावी लागते, नंतर पुन्हा जोडावी लागते. सुदृढ माणसाला हा कंटाळा. चाकांच्या खुर्चीवरील माणसाला खुर्ची उतरविणे, आधाराचे चाक खाली करणे, तारा काढणे, जड केबल उचलणे आणि मग हेच सर्व उलट क्रमाने करणे, अशी ती शिक्षा होते. सुगम चार्जिंग-स्थळांसाठी २०२२ मध्ये 'पास १८९९' हे मानक प्रसिद्ध झाले, तरी ते ऐच्छिक आहे.

निवडीचा क्रम :

साहजिकच मोटार निवडताना शोरूमपासून प्रारंभ न करता तळावरील संध्याकाळपासून मागे यावे. तेथे कोण उतरेल, कोण जोडणी सोडेल, खुर्ची कोठून निघेल, हे आधी ठरवावे. त्यावरून आसनाची उंची, दारांची रुंदी, खुर्चीची जागा ठरते. त्यानंतर मागील ॲक्सलचा हिशेब. इंजिनाचा क्रम सर्वांत शेवटी. 'ड्रायव्हिंग मोबिलिटी' या जाळ्यातील केंद्रांत चालकाच्या शारीरिक क्षमतेचे परीक्षण होते. तेथे जाताना आपल्याला कॅरॅव्हान ओढावयाची आहे, हे आवर्जून सांगणे आवश्यक आहे; अन्यथा सल्ला एकट्या मोटारीपुरताच मिळतो. टो-बार आणि उचलयंत्र एकाच वेळी बसविता येतात काय, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. आणि कुटुंब, खुर्ची व सामान यांसह, कॅरॅव्हान जोडलेल्या स्थितीत, मोटारीची केवळ मागील चाके सार्वजनिक वजनकाट्यावर उभी करून येणारा आकडा दाराच्या चौकटीजवळील धातूच्या पट्टीवर छापलेल्या शेवटच्या ओळीशी ताडून पाहावा. मागील ॲक्सलची मर्यादा तेथेच दिलेली असते.