अपील केले, पण स्थगिती?

जुहूचा 'अधीश' बंगला आठवतो? तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांचा. 20 सप्टेंबर 2022 ला उच्च न्यायालयाने तिथले बेकायदा बांधकाम दोन आठवड्यांत पाडायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयात जाईपर्यंत स्थगिती मागितली, तीही मिळाली नाही. हा रिट याचिकेचा मामला.

दिवाणी दाव्यात तरी वेगळे काय? आमच्याकडे येणारे म्हणतात, "अपील टाकलंय, आता कसली भीती?" आम्ही त्यांना आदेश 41, नियम 5 दाखवतो. नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. वेगळा अर्ज लागतो: मोठे नुकसान होईल, उशीर केलेला नाही, हे पटवायचे, वर जामीन. (आपली माणसे अडतात ती इथेच!) अपिलाची मुदत संपण्याआधी निकाल देणाऱ्या कोर्टाकडेही स्थगिती मागता येते. बेलिफ दारात येईपर्यंत थांबू नका.