स्प्रिंग नवी, तरी शॉकअप कडक का?

पुढच्या शॉकअपमध्ये कडक स्प्रिंगा टाकल्या की काम संपलं, असं समजणारे पुष्कळ. मग पहिल्याच खड्ड्यात मनगटं दुखतात आणि दोष स्प्रिंगच्या माथी बसतो. बहुतेकदा चूक सेटिंगची असते.

सगळ्यांत चिवट गैरसमज म्हणजे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते. होत नाही. तिचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० घ्या. तिच्या शॉकअपला बाहेरून फिरवायचा स्क्रू नाही. आतला स्पेसर बदलूनच प्रीलोड बदलतो. समजा, दोन्ही नळ्यांत ०.९ किलो प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगा टाकल्या. दोन्ही मिळून झाले मिलिमीटरला १.८ किलो. स्पेसर १० मिमी लांब केला, तरी शॉकअप आणखी मिलिमीटरभर दाबायला तेवढंच वजन लागणार. गाडी मात्र पुढून साधारण १० मिमी उंच बसते. प्रीलोडचं काम एवढंच.

ही उंची कळते सॅगवरून, म्हणजे वजनाने शॉकअप किती दबतो त्यावरून. या गाडीचा पुढचा ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअपची एकूण दबण्याची लांबी, ११० मिमी. हेल्मेट-जॅकेटसह चालक बसल्यावर त्यातला सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ३५ मिमीच्या आसपास खर्च व्हावा. शॉकअपची उघडी लांबी पुढचं चाक अधांतरी असताना एकदा आणि चालक बसल्यावर दोनदा मोजा: एकदा गाडी दाबून हळूच वर येऊ द्या, एकदा उचलून हळूच बसू द्या. ऑइल सीलच्या घर्षणामुळे हे दोन आकडे वेगळे येतात, म्हणून त्यांची सरासरी धरायची आणि ती पहिल्या मापातून वजा करायची.

आता गंमत. चालकासह सॅग बरोबर येतो, पण रिकामी गाडी जेमतेम दबते. ‘स्प्रिंग फारच कडक आहे,’ असा निकाल लगेच लागतो. खरं उलट असतं: स्प्रिंग मऊ आहे, आणि तिला प्रीलोडने उचलून धरलंय.

‘कडक स्प्रिंगला जाड ऑइल’ हे अर्धसत्य आहे. उसळी आवरायला थोडं जाड ऑइल लागतं. पण अशा साध्या शॉकअपमध्ये तेच ऑइल दाबलं जातानाही अडतं आणि धारदार खड्डा थेट हँडलपर्यंत पोचतो. शिवाय एका कंपनीचं १० डब्ल्यू दुसरीच्या १० डब्ल्यूइतकंच जाड असेल असं नाही. डब्यावरच्या आकड्यापेक्षा ४० अंश सेल्सिअसची व्हिस्कॉसिटी पाहा.

ऑइल जुन्या मापाने मिलिलिटरमध्ये ओतून भागत नाही. स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, आणि नळीच्या तोंडापासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजायचं; किती ते नव्या स्प्रिंगच्या कागदावर असतं. वरची कोंडलेली हवाही स्प्रिंगसारखीच दबते. ती जागा कमी ठेवली, तर ट्रॅव्हलच्या शेवटी शॉकअप दगड होतो.

हे काम घरी करणार असाल तर एक सांगणं: पुढचं चाक जमिनीवरून उचलल्याशिवाय वरचं बूच उघडू नका आणि शेवटच्या आट्यांना तोंड बाजूला ठेवा. दाबलेली स्प्रिंग ते बूच जोरात उडवते.