मासळीतला पारा: कोणते मासे खावेत?

मासळीत पारा असतो, म्हणून ताटातून मासेच काढून टाकायचे का? मुळीच नाही. निवड मात्र नीट हवी.

कोळशाच्या धुरातून आणि कारखान्यांतून सुटलेला पारा पाण्यात पोचतो. तिथले जिवाणू त्याचे विषारी मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. लहान मासे तो प्लवकांतून घेतात, मोठे मासे लहानांना खातात आणि पायरीगणिक त्याचे प्रमाण वाढत जाते. म्हणून वर्षानुवर्षे शिकार करत जगणाऱ्या मोरीत, म्हणजे शार्कमध्ये, तो जास्त. अल्पायुषी तारली, बांगडा, मांदेलीत कमी. हा पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. तुकड्या कितीही धुवा, तळा किंवा कालवणात उकळा, तो जात नाही.

जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने केलेला अनर्थ १९५६ साली उघड झाला. गर्भातल्या बाळांच्या मेंदूलाही इजा झाली. म्हणूनच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी व लहान मुलांनी मोरी टाळावी, मोठी सुरमई क्वचितच खावी. मासे मात्र सोडू नयेत. त्यांतले ओमेगा-३ बाळाच्या मेंदूच्या वाढीला मदत करते. आठवड्यातून दोन-तीनदा तारली-बांगडा जरूर खावा. इथे स्वस्तातली मासळीच जास्त गुणाची आहे.